मार्टन तळ्यावरचा लाल ठिपका

टॉर हॉगनला घरी आणायचं होतं. जिवंत नव्हे. तेवढी भाबडी आशा हॉगनांच्या घरात आता कुणीच धरली नव्हती. त्याचं जे काही उरलं असेल ते शोधायचं, खाली आणायचं आणि चर्चमागच्या आवारात त्याच्या आईबापांशेजारी पुरायचं, एवढंच त्याच्या बायकोला हवं होतं. लॉर्ना हॉगनला नवऱ्याची कबर हवी होती, आणि मॉन्टानातल्या त्या खोऱ्यात एकदा तिच्या मनानं घेतलं की देवाचीही आडवं जायची टाप नव्हती.

टॉर ऑक्टोबरात गेला होता. बर्फ पडायच्या आत शेवटचे चार ट्राउट मासे धरतो म्हणून राष्ट्रीय उद्यानातल्या मार्टन तळ्यावर गेला. एका दिवसात जाऊन यायची वाट, आयुष्यभर तुडवलेली. त्याची पिकअप पायथ्याशी तशीच उभी सापडली. त्याच रात्री गुडघाभर बर्फ पडला. मग कुत्री आणली, हेलिकॉप्टर आणलं, खोऱ्यातले निम्मे पुरुष बर्फ तुडवत फिरले आणि शेवटी उद्यानाच्या रेंजरांनी टोप्या हातात घेऊन सांगितलं, आता उन्हाळ्यातच. हिवाळाभर चर्चच्या बायका, दुखवट्याच्या घरी न्यायची रीत म्हणून, बटाट्याची आणि नूडलची झाकलेली भांडी दारात ठेवून जात होत्या. लॉर्ना ती खरवडून धुवायची आणि परत करायची.

जुलै लागला. खालचा बर्फ वितळला, वरचा वितळायचा होता. रेंजर म्हणाले, ऑगस्टमध्ये जाऊ.

"ऑगस्टपर्यंत अस्वलं थांबणार आहेत का?" लॉर्नानं विचारलं. आणि तिनं फोन ठेवला.

तिची मुलगी कॅरिन मिझुला शहरात शाळेत शिकवायची. सुट्टीला घरी आली ती आईला विरोध करायचा असं ठरवूनच. पण आईनं पाठपिशवी बांधायला काढलेली पाहिली आणि पोरीनं ओळखलं, ही एकटी जाईल. मग तिनं मुकाट्यानं स्वैपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरला.

"जायचंच तर नीट जाऊ," ती म्हणाली. "पहाट व्हायच्या आत निघायचं. मार्टन ओढा सकाळीच ओलांडायचा."

या ओढ्याची खोड सगळ्या खोऱ्याला माहीत होती. तो पोटात वितळता बर्फ घेऊन येतो. रात्रीच्या थंडीत आखडतो, सकाळी पोटरीला लागतो आणि ऊन वर चढलं की असा फुगतो की दुपारनंतर घोडाही उभा राहू शकत नाही.

"म्हणून सूर्य डोक्यावर आला की तळं सोडायचं," कॅरिन म्हणाली. "बाबा दिसले तरी, आणि नाही दिसले तरी. आई, ऐकतेस ना?"

लॉर्नानं मान हलवली. मान हलवायला काय जातं!

टेबलाच्या तिसऱ्या बाजूला टॉरचा धाकटा भाऊ गॉर्डी केकचा दुसरा तुकडा संपवत होता. शेजारच्याच कुरणांवर त्याची गुरं. देह दरवाजाएवढा, आणि कुठलंही दुखणं विचारलं की उत्तर एकच : "ठीक आहे." त्याच्या पायावरून एकदा ट्रॅक्टर गेला होता, तेव्हाही तो तेच म्हणाला होता.

"काका, ती जीन घालून येऊ नकोस," कॅरिन म्हणाली. "सुती कापड एकदा भिजलं की वर वाळत नाही."

"पोरी, मी माझ्या लग्नाला जीन घालून गेलो, बापाच्या मयताला जीन घालून गेलो. डोंगराचं मी काय घोडं मारलंय, की त्याच्यासाठी नाचणाऱ्या पोरासारखी तंग पँट चढवू?"

"मग इडा काकूला विचारून ठेव, तुला बर्फातून ओढून काढायला ट्रॅक्टर किती लागतील."

"ती म्हणेल, राहू दे तिथंच!"

गॉर्डी हसला आणि हसता हसता थांबला. शेवटी लॉर्नाच उठली आणि तिनं कॉफी ओतली. अंधार पडेपर्यंत तिघं आली नाहीत तर इडानं उद्यानात फोन करायचा, एवढं ठरवून ती बैठक मोडली.

तिघं निघाली तेव्हा काही दिसू नये एवढा अंधार होता. पायथ्याच्या जंगलात वाट फरच्या झाडांतून वर जाते. तिथं गप्प चालायचं नसतं. झुडपाआड अस्वल असलं तर त्याला आधी माणसाचा आवाज ऐकू जायला हवा. म्हणून प्रत्येक जण काही ना काही ओरडत जातो. गॉर्डी गुरांना घालतो तशी साद घालत होता. कॅरिन शाळेतल्या हजेरीची नावं ओरडत होती. लॉर्ना मागून चालत, मधूनमधून हाक देत होती. बऱ्याच वेळानं तिच्या लक्षात आलं की पुढची दोघं गप्प झाली आहेत, आणि आपण अस्वलाला नव्हे, "टॉर! ए टॉर!" असं ओरडतो आहोत. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गॉर्डीनं मागं न बघता पुन्हा गुरांची साद सुरू केली, दुप्पट मोठ्यानं. त्या क्षणी तिला त्या अवाढव्य दिराबद्दल फार माया वाटली.

उजाडता उजाडता ओढा आला. पाणी खरोखरच पोटरीएवढं होतं, काचेसारखं स्वच्छ आणि इतकं गार की हाडात कळ जावी. कॅरिन काठी टेकत पलीकडे गेली. लॉर्ना गेली. गॉर्डी निघाला, मधल्या गोट्यावर त्याचा पाय सटकला आणि तो धबाककन कमरेपर्यंत पाण्यात बसला!

"काका!"

"ठीक आहे! ठीक आहे! आंघोळ राहिली होती." तो नाकातून पाणी उडवत काठावर चढला. जीन दोन्ही पायांना काळीनिळी होऊन चिकटली होती.

"माझी पावसाळी पँट घाल," कॅरिन म्हणाली.

"त्यात माझा एक दंड मावेल. चला, चालताना वाळते."

ती वाळली नाही. चढ सुरू झाला, झाडं ठेंगणी होत गेली, मग संपली, आणि वर पांढऱ्याफटक बर्फाचा उतार पसरला. वरून कडक, आतून पोकळ. दोन पावलं नीट पडायची, तिसरं मांडीपर्यंत आत जायचं. पाय ओढून काढायचा, पुन्हा टाकायचा. वारा कड्यांवरून खाली उतरत होता आणि त्याला धार होती. सगळ्यांत जड गॉर्डी; तोच सगळ्यांत जास्त रुतत होता. आधी त्याचे विनोद थांबले, मग शिव्या. त्याच्या जीनवर बर्फाची पांढरी खपली धरलेली लॉर्नाला दिसली. दिसली, आणि तिनं नजर वळवली. आता अगदी जवळ आलो होतो. आता नको.

शेवटच्या उंचवट्यावरून मार्टन तळं दिसलं. तीन बाजूंनी काळे कडे, मध्ये अर्धं गोठलेलं, अर्धं मोकळं पाणी. मोकळ्या भागाचा रंग शाईसारखा होता. कुठं पक्षी नाही, झाड नाही. बर्फाचे तुकडे एकमेकांना घासून कुरकुरत होते तेवढाच आवाज. इथं येऊन टॉर खूष व्हायचा. लॉर्नाला ती जागा कधीच आवडली नव्हती, आणि आज तर तिला त्या पाण्याचा राग आला.

त्यांनी अलीकडचा काठ शोधला. मासे धरायला टॉर बसायचा तो सपाट खडक शोधला. घळी शोधल्या, काठीनं बर्फ टोचून पाहिला. काही नाही. ना पिशवी, ना गळ. सूर्य डोक्यावर आला.

कॅरिन थांबली. "आई. वेळ झाली."

"त्या टोकापर्यंत जाऊ फक्त. तिथून पलीकडचा काठ दिसतो."

कॅरिननं काकाकडे पाहिलं. त्यानं नुसतं "थंडी वाजतेय" म्हटलं असतं तर तिनं आईला दंडाला धरून वळवलं असतं. पण ज्या खोऱ्यात पुरुष ट्रॅक्टरखाली सापडूनही ठीक असतात, तिथं वहिनीच्या दुःखापुढं ओल्या विजारीचं रडगाणं कोण गाणार!

"मी ठीक आहे," गॉर्डी म्हणाला. आणि तिघं पुढं गेली.

टोकावर पोचल्यावर लॉर्नानं दुर्बीण लावली. पलीकडच्या कड्याखाली बर्फाची एक लांब जीभ थेट पाण्यात उतरली होती. तिच्या कडेला, बर्फ वितळून जिथं पातळ झाला होता तिथं, एक लाल ठिपका होता.

ती खाली बसली. तिनं कोपर गुडघ्यावर टेकवून पुन्हा पाहिलं. कापड होतं. लाल, काळ्या चौकटींचं. वाऱ्यानं त्याचं एक टोक हलत होतं.

"काय आहे?" कॅरिननं दुर्बीण ओढून घेतली. तिचा श्वास ऐकू आला. "आई... बाबांचा कोट. आई, तो बाबांचा कोट आहे!"

मध्ये होता तो उभा बर्फाचा उतार. पाय घसरला तर सरळ शाईच्या पाण्यात! वळसा घालून, पायऱ्या खणत, सावकाश गेलं तर जाता आलं असतं. लॉर्ना कधीच उठून उभी राहिली होती. आणि तेवढ्यात कड्याच्या माथ्यावरून काळा ढग डोकावला आणि लांबवर गडगडलं.

"मी... जातो," गॉर्डी म्हणाला. जीभ जड झाली होती, दारू प्याल्यासारखी. तो आपल्या कोटाची बटणं काढायला लागला. बोटांत बटण येईना, तसा त्यानं कोट ओरबाडला. "गरम होतंय गं, लॉर्ना. फार गरम होतंय."

लॉर्नानं त्याच्याकडे पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदा नीट पाहिलं. ओठ निळे. चेहरा मेणासारखा. आणि अंगाला कंप नाही, जराही नाही.

मार्च महिन्यात बर्फात जन्मलेली किती वासरं तिनं या हातांनी चुलीपाशी आणून घासली होती! वासरू थरथरतंय तोवर आशा असते. थरथरणं थांबलं की ते आतून विझायला लागतं, आणि मग हातात वेळ फार थोडा असतो.

ती पलीकडं बघत राहिली. ऑक्टोबरपासून जे मागितलं ते तिथं, डोळ्यांसमोर होतं. हात लांब केला तर लागेलसं वाटत होतं. पाय आपोआप तिकडं वळत होते.

"परत," ती म्हणाली.

"काय?" कॅरिन ओरडली. "आई, मी पळत जाते! तू काकाला घेऊन खाली उतर, मी गाठते तुम्हाला. तुझ्याचसाठी आलो ना आपण? ते बाबा आहेत!"

"असतील."

"मग सोडून कसं जायचं? नंतर पुन्हा बर्फ..."

लॉर्नानं पोरीचे दोन्ही दंड धरले. "कॅरिन! तुझा बाप मेलाय. तुझा काका अजून मेला नाही. मला एकटीला हा उचलणार नाही. धर त्याला!"

मेला. तो शब्द ऑक्टोबरपासून तिच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडला होता. कॅरिनचं तोंड वाकडं झालं, आणि रडत रडतच ती काकाच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागली.

त्यांनी त्याची गोठलेली जीन कापून काढली. आपल्या पावसाळी पँटी कापून त्याच्या पायांना गुंडाळल्या, लॉर्नाचं लोकरी जाकीट छातीभोवती बांधून वर त्याचा कोट पुन्हा चढवला, थर्मासमधली गोड कॉफी घोटघोट पाजली. निम्मी हनुवटीवरून गळली. मग निघाली. वीज कडाडली! पाठोपाठ गारा आल्या, बोराएवढ्या, डोक्यावर खडे मारल्यासारख्या. उघड्या बर्फावर उंच असं काही असेल तर ही तीन माणसंच!

"बसतो जरा," गॉर्डी म्हणाला आणि बसला.

"ऊठ!"

"बसू दे गं. बरं वाटतंय."

लॉर्नानं त्याच्या थोबाडीत मारली. "ऊठ, बैला! तुझ्या भावालाही असंच बसावंसं वाटलं असेल!"

ते त्याला लागलं. डोळ्यांत काहीतरी हललं. तो उठला, चार पावलं चालला आणि पुन्हा गुडघ्यांवर आला. मग कॅरिननं पाठपिशवीतली ताडपत्री पसरली, दोघींनी त्याला तिच्यावर लोटलं आणि त्या बर्फाच्या उतारावरून घसरत निघाल्या. कॅरिन पुढं, टाचा रोवत. लॉर्ना मागं, दोरी मनगटाला गुंडाळून. वेग वाढला. खडक आला! "डावीकडे!" कॅरिननं अंग टाकलं, ताडपत्री खडकाला घासून गेली आणि लॉर्नाच्या खांद्यात कट्कन आवाज झाला. तिनं दोरी सोडली नाही. झाडांची पहिली रांग येईपर्यंत तिनं फक्त दोरी धरली, दुसरं काहीही तिच्या मनात नव्हतं.

ओढ्याचा आवाज बऱ्याच आधी आला. सकाळचं काचेसारखं पाणी आता तपकिरी झालं होतं, फुगलं होतं, आणि तळातून धोंडे गडगडत जाताना एकमेकांवर आपटत होते. ओलांडायचा प्रश्नच नव्हता. ठरलेल्या वेळी तळं सोडलं असतं तर आतापर्यंत पलीकडे असतो, हे दोघींनाही कळत होतं.

एका दाट फरच्या झाडाखाली कोरड्या फांद्या मिळाल्या. कॅरिननं विस्तव केला. लॉर्ना एका हातानं गॉर्डीला छातीशी धरून बसली, दुसरा हात हलतच नव्हता. ती त्याची पाठ घासत होती, शिव्या देत होती, इडाचं नाव घेत होती, जमेल ते सगळं करत होती. बऱ्याच वेळानं तिच्या छातीला काहीतरी जाणवलं. बारीकसा कंप. मग जोरात. मग त्याचे दात असे वाजायला लागले की तोंडातून शब्द फुटेना.

"थरथरतोय!" लॉर्ना ओरडली. "कॅरिन, हा थरथरतोय!" आणि दोघी मायलेकी वेड्यासारख्या हसायला लागल्या.

"तो... दि... दिसला ना?" गॉर्डीनं विचारलं.

"दिसला."

"मग?"

"मग काय! तू थरथरत राहा, गपचूप."

पहाटे थंडीनं ओढा आखडला. पलीकडच्या काठावर इडाच्या फोनवरून निघालेले रेंजर दोर घेऊन उभे होते. गॉर्डीला त्यांनी स्ट्रेचरवर घेतलं. त्याच्या पायाची बोटं काळी पडली होती आणि त्यातली काही पुढं काढावी लागली. पण तो जगला. लॉर्नानं दुखावलेला हात गळ्यातल्या पट्टीत अडकवून घेण्याआधी नकाशावर बोट ठेवून लाल ठिपक्याची जागा दाखवली.

वादळ निवळायला चार दिवस लागले, मग हेलिकॉप्टर वर गेलं. आणि त्या संध्याकाळी हॉलिस नावाचा रेंजर हॉगनांच्या स्वैपाकघरात आला. कॅरिन होती, कुबडी टेकून गॉर्डी होता. हॉलिसनं टोपी गुडघ्यावर ठेवली.

"बर्फाची ती जीभ गेली," तो म्हणाला. "त्या गारांच्या पावसात तुटली असणार. सगळी तळ्यात उतरलीय. खाली नुसता ओला खडक आहे. आम्ही फार शोधलं."

गॉर्डी आपल्या गुंडाळलेल्या पायाकडे बघत राहिला.

"पण पाण्यात उतरता येईल," हॉलिस घाईनं म्हणाला. "ऑगस्टमध्ये. मी आणि आणखी एक जण. तळ खोल आहे, पण आम्ही शिकलेलो आहोत."

"कड्यावर अजून बर्फ लटकतोय का?" लॉर्नानं विचारलं.

"थोडा आहे."

"तुझ्या घरी कोण कोण आहे?"

"बायको. आणि मुलगी, आता रांगायला लागलीय."

"तळ्यात कुणी उतरायचं नाही," लॉर्ना म्हणाली.

"आई, मग पुरायला काहीच..."

"नाही. काहीच नाही."

"माझ्यामुळं, लॉर्ना," गॉर्डी म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "मी ती विजार... तू गेली असतीस ना त्या दिवशी पुढं, तर तुला तो मिळाला असता."

"मिळाला असता," ती म्हणाली. "आणि मग इडानं तुला पुरलं असतं. मला एक कबर हवी होती, गॉर्डी. दोन नको होत्या."

गॉर्डीनं तोंड हातात लपवलं. आयुष्यात पहिल्यांदा तो ठीक आहे असं म्हणाला नाही.

हॉलिस उठला. "मग शोध बंद, असं कळवू?"

"बंद," लॉर्ना म्हणाली. "त्याला ती जागा आवडायची. मला नाही, पण त्याला आवडायची." आणि बोलता बोलता तिला रडू फुटलं, मोठ्यानं, लाजलज्जा सोडून, आणि ते लवकर थांबलं नाही. कॅरिननं तिला धरलं. हॉलिसनं आवाज न करता दार लोटून घेतलं आणि तो घरी मुलीकडे गेला.